पंधराची पत्ती

जावयाने झाकणाचा आरसा केला आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आता झाकण चमकवणं हा काही गुन्हा नव्हे. मोटरदुरुस्तीच्या कारखान्यात रोज कशाला ना कशाला चमक आणावी लागतेच. गिऱ्हाईक आतली तांब्याची तार बघत नाही, बाहेरचा रंग बघतं, एवढं ज्ञान जावयाने दोन वर्षांत नक्की कमावलं होतं. त्या दिवशी सकाळी सासरे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेले, दारात गिऱ्हाइकाचा टेम्पो येऊन उभा, आणि मालक दर पाच मिनिटांनी केबिनमधून मान बाहेर काढून "झालं का रे?" विचारतोय. अशा घाईत त्याला टेबलावर ते झाकण दिसलं. बिडाचं, जड, शाळेच्या वहीएवढं. मोटरच्या कुशीला जी चौकोनी डबी असते, जिच्यात विजेच्या तारा येऊन जोडल्या जातात, तिचं झाकण. ते डबीवर जिथे टेकतं त्या काठावर गंजाचे चार-पाच तपकिरी ठिपके होते. आणि झाकणाला एक लाल फडकं बांधलेलं होतं.

लाल फडक्याचा अर्थ कारखान्यात शेंबड्या पोरालाही सांगता आला असता: हे मामांचं काम, इथे हात लावायचा नाही. जावयालाही तो पाठ होता. पण त्याने विचार केला, तपासणी काल संध्याकाळीच झालीय, कागदावर मामांची सहीही झालीय, उरलंय काय, तर झाकण ठेवून सहा बोल्ट आवळणं. एवढ्यासाठी टेम्पो परत पाठवायचा? त्याने फडकं सोडलं. त्याच फडक्याने झाकण पुसलं. गंज डोळ्यांना खुपत होता म्हणून बफच्या, म्हणजे चकाकी आणायच्या चाकावर दहा मिनिटं धरून तो काठ असा घासला, की त्यात त्याला स्वतःच्या मिशीचा केस न् केस मोजता आला. मग झाकण बसवलं, बोल्ट आवळले, मोटर टेम्पोत चढवली. चढवण्याआधी झाकणाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवला. कौतुक करून घ्यायचं तर पुरावा नको?

कौतुक करून घ्यायचं होतं ते पत्तीमामांकडून.

पत्तीमामा त्याचे सासरे. पण मामा ते साऱ्या कारखान्याचेच होते, आणि नावाआधी पत्ती लागली ती त्यांच्या खिशामुळे. त्या खिशात कायम फीलर गेज असायचं. दिसायला दुमडत्या चाकूसारखं, पण उघडलं की आत पात्याच्या जागी पोलादाच्या वीस पातळ पत्त्या, प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली. दोन लोखंडांमधली फट किती आहे हे डोळ्याला कळत नाही. पत्ती घालून बघायची. ही गेली, ही गेली, ही अडली, म्हणजे फट एवढी. मामा चौतीस वर्षं हेच करत आले होते. अंगाने काटकुळे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि बोलणं असं की एखादा शब्द जास्त गेला तर घरी जाऊन हिशेब द्यावा लागेल. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हाही ते तेराव्या दिवसाऐवजी चौथ्या दिवशीच कामावर हजर होते आणि कुणी विचारलंच तर "मोटर उघडी पडलीय" एवढंच म्हणाले होते.

मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी या जावयाला एकच प्रश्न विचारला होता. "बोल्ट किती आवळायचा?"

"जाईल तितका," जावई छाती काढून म्हणाला होता.

मामांनी चहा संपवला. मुलगी दिली. पुढे सहा महिन्यांनी त्याला कारखान्यातही घेऊन आले. कारखान्यात तार गुंडाळायचं काम करणाऱ्या ताई, ज्यांच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, त्या अजून म्हणायच्या, "मामा, तेव्हाच पत्ती घालून बघायची होती हो डोक्यात. आत किती मोकळी जागा आहे ते कळलं असतं."

त्या कारखान्यात नेहमीच्या मोटरी यायच्या त्या सगळ्यांच्या. फ्लेमप्रूफ मोटर आली की ती मामांची. जिथे हवेत पेट्रोल, थिनर, रंगाची वाफ असते, जिथे एका ठिणगीने खोली उडू शकते, तिथे या मोटरी बसवतात. जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याने ती जाडजूड पेटी बघून म्हटलं होतं, "म्हणजे आत आग जातच नाही ना मामा?"

मामांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण तेव्हा दिलं. "जाते. वाफ आत शिरतेच. मोटर तापते, गार होते, श्वास घेते. आत ठिणगी पडली की आतल्या आत बार होतो. होऊ दे. पेटी जाड आहे, सोसते. पण त्या ज्वाळेला बाहेर यायला एकच वाट ठेवलेली असते, झाकण आणि डबी यांच्यामधली फट. इतकी बारीक आणि इतकी लांब की तिच्यातून सरकता सरकता ज्वाळा गार होऊन जाते. बाहेर येतो तो नुसता कोमट वारा. बाहेरच्या वाफेला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे घरातलं भांडण घरातच," ताई तारेचं वेटोळं घालता घालता म्हणाल्या. "शेजाऱ्याला कळता कामा नये."

"कळलं तर शेजारी उरत नाही," मामा म्हणाले, आणि वळून कामाला लागले.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलीही फ्लेमप्रूफ मोटर दारातून आत आली की ते हातातलं काम टाकून उठायचे, तिच्या अंगावरच्या पितळी पाटीवरची धूळ अंगठ्याने पुसायचे आणि नंबर वाचायचे. निकालाच्या यादीत स्वतःचा नंबर शोधणाऱ्या पोरासारखं एकेका आकड्यावर बोट ठेवून. मग "हं" म्हणायचे आणि परत जाऊन बसायचे. कशासाठी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ताईंचं म्हणणं होतं की मामांची कुठलीतरी जुनी मोटर हरवली असणार. ताई थट्टेत म्हणायच्या. थट्टेत माणूस कुठे जाऊन टेकतो याचा नेम नसतो.

तर त्या दिवशी चारच्या सुमारास मामा परत आले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यावर काळा चष्मा, चालताना एक हात टेबलाच्या कडेला. मालक कुठेतरी वसुलीला गेला होता. मामांनी आधी आपल्या टेबलावर हात फिरवला. झाकण नव्हतं. लाल फडकं होतं, घडी करून ठेवलेलं. जावई टापटिपीचा होता.

"गेली का मोटर?"

"गेली मामा, वेळेत गेली. आणि अशी तशी नाही. बघा तर." जावयाने मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला.

"मला आत्ता काही दिसत नाही. काय आहे?"

"आरसा केलाय मामा, आरसा! तो गंज होता ना काठावर, एक ठिपका ठेवला नाही."

मामांनी चष्मा काढला. बुबुळं औषधाने मोठी, काळीभोर झालेली. ते फोटोकडे नव्हे, जावयाकडे बघत होते, तेही जरा बाजूला, जिथे त्याचा आवाज होता तिथे.

"कशाने?"

"बफने."

"किती वेळ?"

"दहा... दहा-बारा मिनिटं असतील."

ताईंच्या हातातलं वेटोळं थांबलं. ताई गप्प झालेल्या बघून जावयाने मोबाइल खाली घेतला. ताई गप्प बसणं म्हणजे घड्याळ बंद पडण्यासारखं होतं.

"फट काठाच्या सपाटपणावर टिकते," मामा अगदी हळू म्हणाले. "बफ कडा खातो. आधी कोपरे खातो. गंजाला रॉकेल आणि लाकडाची पट्टी पुरे असते. फोन लाव त्यांना."

जावयाने फोन लावला. तिकडच्या शिफ्ट इंचार्जने सांगितलं, मोटर अकरालाच बसवली, झकास चालू आहे, आवाज नाही, थरथर नाही, कागद बरोबर आहेत, काही असेल तर उद्या बोलू. आणि ठेवला.

मामांनी चपला घातल्या. "स्कूटर काढ."

तो थिनरचा कारखाना गावाबाहेर तासाभराच्या अंतरावर होता. गेटवरच्या पहारेकऱ्याने दोघांचे मोबाइल, जावयाचा लायटर, मामांच्या पट्ट्याचं बकलसुद्धा निरखून बघितली, पहिली दोन ठेवून घेतली आणि बाकावर बसवलं. बाकाच्या वर एक फळा होता: अपघाताविना गेलेले दिवस, आठशे बारा. आकडे पत्र्याचे होते, खिळ्याला अडकवलेले, रोज बदलता येतील असे. आत निरोप गेला होता. उत्तर येत नव्हतं.

जावई बाकाच्या टोकाला सरकला. "मामा, लगेच काही होईल असं नाही ना? म्हणजे आत ठिणगी पडायला पाहिजे, त्याच वेळी वाफ आत असायला पाहिजे, मग..."

"हो. सगळं एकदम जुळून यायला पाहिजे."

"मग कदाचित वर्षानुवर्षं काही होणारही नाही."

"सव्वीस वर्षं झाली," मामा म्हणाले.

जावयाला कळेना. मामांनी काळा चष्मा पुसला, परत घातला, आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून सांगायला लागले. सांगत होते असंही नाही. एखादं जुनं यंत्र उघडून एकेक भाग फडक्यावर मांडावा तसं चाललं होतं.

"तेव्हा मी दुसरीकडे होतो. अशीच मोटर. झाकणाच्या एका कोपऱ्याला खड्डा पडलेला. तीन बाजूंनी पत्ती अडत होती, त्या कोपऱ्यात जात होती. पंधराची पत्ती. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पंधरा. ती आत जाता कामा नये. झाकण बदलायला हवं होतं, नवं यायला आठ दिवस लागले असते. तेवढ्यात निरोप आला, दवाखान्यात मुलगी झाली. मी म्हटलं, आता सही करतो, गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात जाऊन झाकण बदलून देतो. सही केली आणि पळालो."

"मग?"

"गेलो ना आठ दिवसांनी, नवं झाकण पिशवीत घालून. कारखान्याला कुलूप. सावकारांनी यंत्रं लॉटमध्ये विकून टाकलेली. कोणी नेली, कुठे नेली, कागद नाही. चार सात एक एक नऊ. तिचा नंबर." त्यांनी आकडे बोटाने बाकावर गिरवले. "तुझी बायको आणि ती एकाच दिवशीच्या."

जावयाला ती पितळी पाटी, तो अंगठा, ते "हं" एकदम आठवलं, आणि ताईंच्या थट्टेला आपण हसलो होतो तेही.

"पण मामा, काही झालं असतं तर कळलं असतं की."

"कुठे कळलं असतं? पेपरात माणसांचा आकडा छापतात. मोटरचा नंबर छापतात होय?"

मामा पुढे म्हणाले, "जुन्या मोटरी फिरत राहतात. आज ना उद्या दुरुस्तीला कुठेतरी येणार. आमच्याकडेच कशावरून नाही? म्हणून वाचतो. बसून राहिलोय त्यासाठीच. नाहीतर या डोळ्यांनी केव्हाच घरी बसलो असतो."

तेवढ्यात आतून पंपवाला आला. गलेलठ्ठ, हसरा, खांद्यावर नॅपकिन. "या मिस्त्री! साहेब म्हणाले एवढी तगमग आहे तर बघून जाऊ द्या. पण मोटर तुमची सुरेख चाललीय हो. मी तिच्याशेजारीच डबा खाल्ला दुपारी."

मामांनी डोळे मिटले आणि उघडले.

पंपघर म्हणजे बारा बाय दहाची खोली. जमीन पुसलेली, भिंतीला हिरवा रंग, कोपऱ्यात पंपवाल्याची स्टुलावरची बैठक आणि तिच्यापासून दोन हातांवर ती मोटर, संथ घुमत. हवेत थिनरचा गोडसर उग्र वास, जो पहिल्या मिनिटाला नाकात जातो आणि पाचव्या मिनिटाला जाणवेनासा होतो. स्टुलाच्या मागे खिळ्याला पंपवाल्याचा शर्ट आणि आरशाचा छोटा तुकडा. जावयाने तो आरसा बघितला आणि मान वळवली.

इंचार्ज आला. तरुण, इस्त्रीचा, हातात रजिस्टर. "मिस्त्री, टाकी अर्धी भरलीय. दुसरा पंप उघडून ठेवलाय, तो सकाळपर्यंत लागणार नाही. आत्ता बंद करायचं म्हणजे रात्रपाळी बसवून ठेवायची. कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"सगळं ठीक आहे असं लिहून दिलंय ना तुम्ही?"

"लिहून दिलंय."

"मग अडचण काय आहे?"

"बंद करा, वीज तोडा, कुलूप घाला. मग एक मिनिट द्या. पत्ती गेली नाही तर मी तुमच्या पाया पडून निघून जातो."

इंचार्जने पंपवाल्याकडे बघितलं. पंपवाला आता हसत नव्हता. त्याला यंत्रातलं फार कळत नसावं, पण रोज आठ तास त्या स्टुलावर बसणारा तो होता, इंचार्ज नव्हे. न विचारताच तो स्विचकडे गेला. मोटर उतरत्या आवाजात थांबली. बाहेरच्या खोलीत विजेची कळ ओढून कुलूप घातल्याचा खटका ऐकू आला.

खोलीतला दिवा जाड काचेत कोंडलेला, मंद होता. पंपवाल्याने स्टुलाखालून एक पिवळा टॉर्च काढला. असल्या ठिकाणी चालेल असा, रबरात बसवलेला, मुठीएवढ्या जाडीचा. "हा धरा. सांभाळून हं, माझ्या नावावर आहे. स्टोअरवाला एक खिळा हरवला तर बाप काढतो." त्याने तो जावयाच्या हातात दिला.

जावयाने उजेड झाकणाच्या काठावर टाकला. मामा गुडघ्यांवर बसले. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. त्यांनी खिशातून गेज काढलं, अंगठ्याच्या नखाने पत्त्या मोजत मोजत एक वेगळी केली, डाव्या हाताने काठ चाचपला आणि कोपऱ्यात पत्ती टेकवली.

लोण्यात सुरी जावी तशी पत्ती आत गेली.

त्यांनी ती काढली, दुसऱ्या कोपऱ्यात घातली. गेली. मग वीसची घातली. तीही गेली. पंचवीसची अडली. पंपवाल्याने खिळ्यावरचा शर्ट काढला आणि उगाचच हातात धरून उभा राहिला. डबा खाल्लेली जागा त्याच्या पायाखाली होती.

इंचार्जचा आवाज बदलला. "हे... हे कसं झालं? सकाळी सही करून पाठवलंत ना तुम्ही?"

जावयाने तोंड उघडलं. "साहेब, ते असं झालं की मी..."

"टॉर्च नीट धर," मामा मागे न बघता म्हणाले. मग त्याच सुरात इंचार्जला, "डोळे गेलेत माझे. काल मोजताना दिसलं नाही. चूक झाली. लिहा तसं."

इंचार्जने लिहिलं. रजिस्टरमध्ये, उभ्याउभ्या, झोकदार अक्षरात: मिस्त्रीच्या नजरदोषामुळे. जावई उजेड धरून उभा होता. त्याला तेवढा वेळ होता. एक पूर्ण वाक्य बोलायला जेवढा लागतो, त्याहून चांगला चौपट वेळ. इंचार्जला वाक्य लिहायला लागला तेवढा. त्या वेळात त्याने टॉर्च नीट धरला.

पंपवाल्याने मामांना हाताला धरून उठवलं. "मिस्त्री, स्वतःची चूक सांगायला तासभर स्कूटरवर बसून येणारा माणूस मी बघितला नव्हता," तो म्हणाला. आणि जावयाकडे वळून, "सासऱ्यांना जपा हो. असा माणूस मिळत नसतो."

जावयाने मान हलवली. मान हलवणं सोपं असतं.

परतताना संधिप्रकाश होता. मामा मागे बसले होते, एक हात जावयाच्या खांद्यावर. गाव जवळ आलं तसा जावई म्हणाला, "मामा, मी उद्या मालकांना सांगतो. आणि त्या साहेबालाही फोन करतो."

"काय सांगशील?"

"खरं ते."

"मग तुझ्या हातात पुन्हा फ्लेमप्रूफ मोटर कुणी देणार नाही. या धंद्यात असं असतं. एकदा नाव गेलं की संपलं." वाऱ्यात त्यांचा आवाज तुटत होता, म्हणून त्यांनी तोंड कानाजवळ आणलं. "डॉक्टर म्हणाला, काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, आहे ते वर्षभर पुरेल. माझी सही तशीही जाणारच होती. तुला तीस वर्षं आहेत अजून. पाट्या कोण वाचणार?"

जावयाला वाटलं होतं, सासऱ्यांनी त्याला पाठीशी घातलं. आता लक्षात आलं की पाठीशी घालणं वगैरे त्यात फारसं नव्हतं. त्याची नेमणूक झाली होती. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हणायचं तोंड तो पंपघरात ठेवून आला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. थिनरवाल्यांचं पत्र आलं: मोटर दुसरीकडे देत आहोत, यापुढे आपल्या कारखान्याची तपासणी आम्हाला मान्य नाही, आपल्या कुणालाही गेटमधून सोडलं जाणार नाही. मालक वाईट माणूस नव्हता. पत्र मामांपुढे ठेवून तो बराच वेळ पेन उघडझाप करत बसला आणि शेवटी म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा मी काय करू." मामांनी सांगितलं. लाल फडकं त्यांनी घडी करून जावयाच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना चहा न पाजता, भाषण न होऊ देता दुपारी साडेतीनला घरी गेले. ताई रडल्या. रडून झाल्यावर जावयाला म्हणाल्या, "तुमच्या मिशा मात्र छान दिसल्या असतील हो त्यात." ताईंना ठाऊक होतं. मामांनी त्यांनाही बोलू नका म्हणून बजावलं होतं, आणि ताईंनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट पोटात ठेवली. त्याबद्दल त्या रोज जावयावर सूड घेत असत, कधी एका नजरेने, कधी चहात साखर न घालता.

घरी बायकोने वडिलांना फैलावर घेतलं. "किती वेळा सांगितलं होतं बाबा, डोळ्यांनी दिसत नाही तर घरी बसा. कुणाचा जीव गेला असता म्हणजे?" मामा ऐकून घेत होते. मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, तुम्ही होतात ना तिथे? वडील माणसाचं काम एकदा तपासून नको का बघायला?"

"हो," जावई म्हणाला. "बघायला हवं होतं."

मामांनी ताटातली बोटं क्षणभर थांबवली, आणि परत जेवायला लागले.

मग शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, पेपर अंथरून. दोन जुनी झाकणं, एक डबी, गेज. मामा त्याला डोळे मिटायला लावायचे. "डोळा फसवतो. चमक दाखवतो. बोटाला विचार." पहिले कित्येक दिवस जावयाला दहाची पत्ती आणि वीसची पत्ती सारखीच लागायची, आणि मामा "चूक" एवढंच म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात ते एकदा "हं" म्हणाले. जावयाला वाटलं आपल्याला बक्षीस मिळालं. मग आठवलं, हे "हं" पाटी वाचून झाल्यावरचं आहे, नंबर न जुळल्यावरचं.

आता फ्लेमप्रूफ मोटर दारातून आत आली की कारखान्यात जावई उठतो. अंगठ्याने धूळ पुसतो. बोट ठेवून आकडे वाचतो. गंजलेल्या पाट्यांवर रॉकेलचा बोळा फिरवतो, घासत नाही. एकदा चार सात एक एक पर्यंत जुळलं आणि त्याने पुढचा आकडा पुन्हा पुसला. पुढे सहा होता. तो बराच वेळ त्या सहाकडे बघत राहिला, उलटा नऊ असेल तर, म्हणून पाटी स्क्रू काढून हातात घेऊन फिरवली. सहाच होता.

घरी गेलं की मामा दाराच्या दिशेने तोंड करतात. आता त्यांना मधलं तेवढंच दिसतं, बाजूचं जग गेलंय. समोर नळीतून बघितल्यासारखं एक वर्तुळ उरलंय आणि तेही रोज थोडं आवळत चाललंय.

"आज?"

"आल्या होत्या दोन. नव्हती."

"हं."

एवढंच. रोज. बायकोला वाटतं, बाबांना कामाची आठवण येते.

राहता राहिला तो टॉर्च. त्या संध्याकाळी निघताना घाईत तो जावयाच्या हातातच राहिला. दोन दिवसांनी पंपवाल्याचा निरोप आला: शनिवारपर्यंत आणून द्या, स्टोअरला जमा दाखवायचाय, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतोय. जावई शनिवारी निघाला. गेटमधून सोडणार नाहीत हे खरं, पण पहारेकऱ्याकडे ठेवता आलाच असता. अर्ध्या वाटेवर त्याला दिसलं की पहारेकरी आतून पंपवाल्याला बोलावेल, तो नॅपकिन खांद्यावर टाकून हसत येईल आणि पहिला प्रश्न विचारेल, सासऱ्यांचे डोळे कसे आहेत. जावयाने स्कूटर वळवली. पुढच्या शनिवारीही वळवली, जरा अलीकडेच. त्यानंतर तो निघायचं ठरवायचा, एवढंच. टपालाने पाठवता येईल असं ताईंनी सुचवून पाहिलं. ते त्याने न ऐकल्यासारखं केलं. हातात घेतलेली गोष्ट हातात द्यायला हवी, हे त्याला पटलेलं होतं. जायचं तेवढं जमत नव्हतं.

टॉर्च स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. त्यातले सेल त्याने मध्यंतरी बदलले. परवा घरातले दिवे गेले तेव्हा बायकोने तो चाचपडत काढला, लावला, आणि भिंतीवरचं लख्ख गोल वर्तुळ बघून म्हणाली, "चांगलाय हो हा. कुठून आणलात?"

"परत द्यायचाय," जावई म्हणाला.

खुर्चीतून मामांनी उजेडाच्या दिशेने मान वळवली. "शनिवारी जा," ते म्हणाले.

तो शनिवार उद्या आहे.